तक्ता भरला, तुलना राहिली

प्रश्न : मी वाणिज्य शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेते आहे. प्रबंधाचा विषय ‘विविध आर्थिक प्रदेशांतील भांडवली बाजारांची तुलना’. अमेरिका, युरोप, जपान, चीन आणि भारत असे पाच प्रदेश घेतले आणि चौदा रकान्यांचा तक्ता केला : बाजारमूल्य, जीडीपीशी त्याचं प्रमाण, नोंदणीकृत कंपन्यांची संख्या, रोजची उलाढाल, सौदापूर्तीचे दिवस, नियामकाचं नाव वगैरे. सरांनी तो पाहिला आणि म्हणाले, ‘माहिती बरोबर आहे, पण यात तुलना कुठे आहे?’ तक्त्यात अजून काय भरू? शिवाय युरोपातली माणसं सधन आहेत, बचतही भरपूर करतात, तरी त्यांचा बाजार अमेरिकेपुढे एवढा लहान का, हे कुठेच नीट वाचायला मिळालं नाही. आणि निष्कर्षात सर्वोत्तम बाजार कोणता म्हणू? तोंडी परीक्षेचं आत्तापासूनच दडपण आलंय.
— रकान्यांत अडकलेली

उत्तर : तुमच्या सरांचं म्हणणं खरं आहे. मात्र त्यावरचा उपाय तक्ता वाढवण्यात नाही. निम्मे रकाने खोडा.

कंपन्यांच्या संख्येपासून सुरुवात करा. १९९६ च्या सुमारास अमेरिकेत आठ हजारांच्या आसपास देशी कंपन्या शेअर बाजारात नोंदलेल्या होत्या; पुढे तो आकडा जवळपास निम्म्यावर आला. म्हणून तिथला बाजार निम्म्याने लहान झाला असं कोणी म्हणत नाही. काही कंपन्या एकमेकींत विलीन झाल्या, काही खासगी गुंतवणूक निधींनी विकत घेऊन बाजाराबाहेर काढल्या, आणि नव्या कंपन्यांना नोंदणी न करताच भरपूर पैसा मिळू लागला. उलट मुंबई शेअर बाजाराच्या यादीत पाच हजारांहून जास्त नावं आहेत, पण त्यातल्या कितीतरी शेअर्सचे व्यवहार नावापुरतेच होतात. जीडीपीशी प्रमाण हा रकानाही तसाच फसवा. हाँगकाँगच्या बाजाराचं मूल्य त्याच्या जीडीपीच्या कित्येक पट भरतं, कारण तिथे नोंदलेल्या बड्या कंपन्यांचा धंदा चीनच्या मुख्य भूमीवर चालतो. अंश एका अर्थव्यवस्थेचा आणि छेद दुसरीचा! परीक्षकांनी एवढंच विचारलं तरी पंचाईत होईल.

मग बघायचं काय? माझ्या मते मुख्यतः एकच : लोकांची बचत, त्यातही म्हातारपणासाठीची बचत, कुठे जाऊन बसते. बाकीच्या बऱ्याच गोष्टी त्या एका गोष्टीच्या मागून येतात.

बँक ऑफ जपान दरवर्षी एक छोटी पत्रिका काढते. जपान, अमेरिका आणि युरो क्षेत्र इथल्या कुटुंबांची आर्थिक मालमत्ता कशात आहे, हे त्यात शेजारी शेजारी मांडलेलं असतं. जपानी कुटुंबांचा निम्म्याच्या आसपास पैसा रोख आणि ठेवींत असतो. युरो क्षेत्रात हे प्रमाण सुमारे एक तृतीयांश, अमेरिकेत जेमतेम आठवा हिस्सा. तुमचे चौदा रकाने एका बाजूला आणि हे तीन आकडे एका बाजूला ठेवले, तर मी हे तीन घेईन. ठेवीत पडलेला पैसा बँकेमार्फतच कंपनीकडे जाऊ शकतो, म्हणजे कर्ज म्हणून. शेअर किंवा रोख्यांत जायला त्याला दुसरी वाट लागते. ती वाट ज्या देशात कायद्यानेच आखून दिली, तिथे बाजार मोठा झाला.

हे असं का घडलं, याचं उत्तर लोकांच्या स्वभावावर ढकलू नका. अमेरिकन धाडसी, जर्मन सावध, जपानी काटकसरी वगैरे पुस्तकांत फार आढळतं आणि मला ते आळशीपणाचं वाटतं. त्यापेक्षा १९७४ सालाकडे बघा. त्या वर्षी अमेरिका आणि पश्चिम जर्मनी या दोन्ही देशांनी एकाच काळजीपोटी कायदा केला : कंपनी बुडाली तर तिने कामगारांना कबूल केलेल्या पेन्शनचं काय?

अमेरिकेत या काळजीमागे एक घाव होता. इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड इथे स्टुडबेकर कंपनीचा मोटारींचा कारखाना होता. १९६३ च्या डिसेंबरात तो बंद पडला आणि पेन्शनच्या निधीत पुरेसा पैसाच नाही हे उघड झालं. निवृत्त झालेल्यांना ठरलेलं मिळालं, पण चाळीस ते साठ वयातल्या सुमारे चार हजार कामगारांच्या पदरात त्यांच्या हक्काच्या रकमेचा जेमतेम सातवा हिस्सा पडला. त्यानंतर अकरा वर्षांनी झालेल्या ‘एरिसा’ कायद्याने सांगितलं की, पेन्शन कबूल केली असेल तर तेवढा पैसा आधीच बाजूला काढा आणि कंपनीच्या तिजोरीबाहेर, वेगळ्या विश्वस्त निधीत ठेवा. आता बाहेर काढलेला पैसा नुसता पडून तर राहणार नाही. तो शेअर्समध्ये गेला, रोख्यांत गेला. १९७८ च्या करकायद्यातल्या ज्या कलमाने निवृत्तीच्या बचतीची ४०१(के) खाती सुरू झाली, त्यामुळे पगारदारांच्या दर महिन्याच्या कपातीही त्याच वाटेने जाऊ लागल्या. १९७९ मध्ये अमेरिकी श्रम खात्याने विश्वस्तांच्या जबाबदारीबद्दलचा नियम स्पष्ट केला आणि पेन्शन निधींना नवउद्योगांत थोडा पैसा घालण्याची मोकळीक मिळाली. सिलिकॉन व्हॅलीच्या कहाण्यांत गॅरेजं पुष्कळ असतात, हा नियम फारसा कोणी सांगत नाही.

जर्मनीने त्याच वर्षी नेमकं उलटं केलं. तिथे कंपनीने पेन्शनची तरतूद स्वतःच्याच ताळेबंदात दाखवायची अशी रीत होती आणि त्यावर करसवलतही होती. पैसा बाहेर जात नसे; कंपनी तो यंत्रांत, इमारतींत, कच्च्या मालात वापरत असे. कंपनी बुडाली तर कामगारांचं काय, यावर १९७४ च्या कायद्याने उपाय काढला तो परस्पर विम्याचा : सगळ्या कंपन्यांनी वर्गणी भरायची आणि बुडालेल्या कंपनीची पेन्शन त्या संस्थेने द्यायची. कामगार सुरक्षित झाला, पण त्याचा पैसा कंपनीतच राहिला. म्हणजे स्वतःच्या कामगारांच्या पेन्शनवर जर्मन कारखान्याला वर्षानुवर्षं भांडवल मिळत राहिलं, आणि उरलेली गरज नेहमीची बँक भागवत असे. शेअर बाजाराच्या दारात जायची त्याला निकडच नव्हती. सरकारी पेन्शनही चालू कामगारांच्या वर्गणीतून आजच्या वृद्धांना देण्याच्या पद्धतीची, त्यामुळे तिथेही गुंतवायला मोठा साठा नाही. अलीकडे मोठ्या जर्मन कंपन्यांनी वेगळे निधी काढले आहेत, पण सवयी लागायच्या त्या लागून गेल्या.

तुमच्या प्रबंधाचा गाभा इथे आहे असं मला वाटतं. काळजी तीच, वर्षही तेच, उपाय वेगळे. आणि पन्नास वर्षांनी एका ठिकाणी जगातला सर्वांत मोठा बाजार, दुसऱ्या ठिकाणी जगातल्या उत्तम कारखानदारीला साजेसा नसलेला छोटा बाजार. सरांना हवी असलेली तुलना ही.

जर्मन सरकारने लोकांना शेअर्सकडे वळवायचा प्रयत्न केला नाही असं नाही. १९९६ मध्ये डॉइश टेलिकॉम या सरकारी दूरसंचार कंपनीचे शेअर विक्रीला काढले, तेव्हा त्याला ‘लोकांचा शेअर’ म्हणून गाजवलं. मानफ्रेड क्रूग हा टीव्हीवरचा लाडका नट जाहिरातींत होता. पहिल्या विक्रीचा भाव साडेअठ्ठावीस मार्क, म्हणजे पुढच्या हिशेबाने साडेचौदा युरो. मार्च २००० मध्ये तो शंभर युरोच्या वर गेला. जूनमध्ये सरकारने आणखी शेअर ६६.५० युरोंना विकले, आणि २००२ पर्यंत भाव दहा युरोंच्याही खाली आला. हजारो छोट्या भागधारकांनी कोर्टात दावे लावले. ते एकेक करून ऐकणं न्यायालयाला अशक्य झालं, तेव्हा २००५ मध्ये जर्मनीला नमुना खटल्यांचा वेगळा कायदाच करावा लागला. क्रूगने पुढे जाहीर माफी मागितली. तरुण कंपन्यांसाठी फ्रँकफर्टमध्ये १९९७ ला सुरू झालेला ‘नॉयर मार्क्ट’ २००३ मध्ये बंद पडला. आता गंमत बघा. २००० ते २००२ याच काळात अमेरिकेचा नॅस्डॅक निर्देशांकही तीन चतुर्थांशाहून जास्त कोसळला होता. अमेरिकन पगारदार मात्र बाजार सोडून गेला नाही, कारण त्याची कपात दर महिन्याला आपोआप होत होती. जर्मन माणसाने एकदाच, स्वतःहून, ठेव मोडून शेअर घेतला होता. तो पुन्हा फिरकला नाही.

माझं हे म्हणणं एका देशावरून ताडून बघता येतं. चिलीमध्ये १९८१ पासून प्रत्येक पगारातले दहा टक्के कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या पेन्शन खात्यात सक्तीने जातात आणि खासगी कंपन्या ते गुंतवतात. या व्यवस्थेवर टीका पुष्कळ आहे आणि बरीचशी रास्त आहे. हाती येणारी पेन्शन तोकडी, ही मुख्य तक्रार. पण बाजाराच्या अंगाने पाहिलं तर त्यातून लांब मुदतीच्या रोख्यांना कायमचं गिऱ्हाईक मिळालं, आणि त्या जोरावर चिलीत वीस-तीस वर्षांची, महागाईशी जोडलेल्या एककातली, ठरावीक व्याजाची गृहकर्जं मिळू लागली. लॅटिन अमेरिकेत ही चैनच. मग महामारी आली. जुलै २०२० ते एप्रिल २०२१ या काळात संसदेने तीनदा प्रत्येकी दहा टक्के रक्कम काढायची मुभा दिली. मिळून सुमारे पन्नास अब्ज डॉलर बाहेर पडले. घरोघरी ती मदत लागलीच असणार, त्यावर मी काही बोलत नाही. पण लांब रोख्यांचे व्याजदर चढले आणि बँकांनी तीस वर्षांची कर्जं आवरती घेतली. महागाई आणि मध्यवर्ती बँकेची दरवाढ ही कारणंही होतीच, हे प्रबंधात नमूद करा, नाहीतर परीक्षक तिथेच पकडतील. तरीसुद्धा साठा आटला की बाजार आटतो, हे इतक्या उघडपणे दुसरीकडे क्वचितच दिसतं.

आता माझ्याच मताला एक पाचर. नेदरलँड्समध्ये पेन्शनचा साठा देशाच्या जीडीपीहून मोठा आहे. माझं वरचं म्हणणं जसंच्या तसं घेतलं तर ॲमस्टरडॅमचा बाजार प्रचंड हवा. तसं नाही, कारण एवढा पैसा एवढ्याशा देशात मावत नाही. तो बहुतांशी बाहेर जातो. युरोपातल्या कुटुंबांची वर्षाला सुमारे ३०० अब्ज युरोंची बचत युरोपाबाहेर, मुख्यतः अमेरिकेत जाते, असं इटलीचे माजी पंतप्रधान एन्रिको लेत्ता यांनी एप्रिल २०२४ च्या अहवालात लिहिलं. त्याच वर्षी सप्टेंबरात आलेल्या, युरोपीय मध्यवर्ती बँकेचे माजी अध्यक्ष मारिओ द्रागी यांच्या अहवालात २०२२ सालचे आकडे आहेत : युरोपीय संघातल्या कुटुंबांची बचत १३९० अब्ज युरो, अमेरिकेतली ८४० अब्ज. म्हणजे युरोपीय माणूस बचत जास्त करतो हा तुमचा अंदाज खरा आहे. साठा आहे, पण तो शेजारच्या देशात न जाता समुद्र ओलांडून का जातो, हा पुढचा प्रश्न.

त्याचं उत्तर एका लाभांशाच्या प्रवासात दिसतं. समजा, फ्रान्समधल्या माणसाकडे जर्मन कंपनीचे शेअर आहेत आणि त्याला १०० युरो लाभांश जाहीर झाला. जर्मनी आधीच २६.३७५ युरो कापून घेते : २५ टक्के कर आणि त्या करावर साडेपाच टक्के एकता अधिभार. दोन देशांच्या करारानुसार जर्मनीचा हक्क साधारण १५ युरोंवर. उरलेले ११.३७५ युरो परत मिळतात, पण त्यासाठी बॉनमधल्या केंद्रीय कर कार्यालयाकडे अर्ज करायचा, आपल्या देशाच्या कर खात्याचा रहिवासाचा दाखला जोडायचा आणि वाट बघायची. महिने जातात, कधी वर्षंही. अकरा युरोंसाठी हे कोण करणार? मोठे फंड करतात, छोटा माणूस सोडून देतो किंवा त्या वाटेला जातच नाही. प्रत्येक देशाचा फॉर्म वेगळा. ओहायोतल्या माणसाने टेक्सासच्या कंपनीचा शेअर घेतला तर यातलं काहीही करावं लागत नाही. ही सोय लावण्यासाठी युरोपीय संघाने २०२४ च्या अखेरीस कायदा केला. तो लागू होणार २०३० पासून.

कराइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे दिवाळखोरी. तुमच्या तक्त्यात तो रकानाच नाही, आणि मला त्याचं सर्वांत जास्त नवल वाटलं. रोखे घेणारा परका माणूस कंपनीला ओळखत नसतो. त्याला एकच जाणून घ्यायचं असतं : ही बुडाली तर टेबलाभोवती कोण बसेल आणि माझी पाळी कितवी? अमेरिकेत १९७८ च्या कायद्यातल्या प्रकरण ११ नुसार जुनं व्यवस्थापनच सहसा खुर्चीत राहतं, देणी थांबवतं आणि धनकोंशी वाटाघाटी करून नवी योजना मांडतं. जर्मनीत कंपनीची देणी भागेनाशी झाली की संचालकांना फार तर तीन आठवड्यांच्या आत न्यायालयात अर्ज करावा लागतो. नाही केला तर फौजदारी गुन्हा. साहजिकच तिथला संचालक त्याच्या कितीतरी आधी बँकेच्या व्यवस्थापकाकडे जातो. ही दोघांतली बोलणी असतात; शंभर अनोळखी रोखेधारकांना त्यात जागा नसते. भारतात २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने तिसरीच तऱ्हा निवडली : प्रक्रिया सुरू होताच संचालक मंडळ बाजूला आणि सूत्रं धनकोंच्या समितीकडे. मुदत ३३० दिवसांची, ती पाळली जाते का हा भाग वेगळा. आणि युरोपीय संघात असे सत्तावीस कायदे आहेत. चलन बहुतेकांचं एक, पण बुडणं प्रत्येकाचं आपापल्या भाषेत.

‘भांडवली बाजार संघ’ ही घोषणा युरोपीय आयोगाने २०१५ मध्ये केली. एवढ्या वर्षांत कागद पुष्कळ झाले. २०२५ मध्ये त्याच कल्पनेला ‘बचत आणि गुंतवणूक संघ’ असं नवं नाव मिळालं. पॅरिसमध्ये २०११ पासून ‘एस्मा’ ही सामायिक नियामक संस्था आहे, पण तिची थेट देखरेख पतमापन संस्थांसारख्या मोजक्याच ठिकाणी चालते. रोजचं काम देशोदेशीचे नियामक करतात. तुम्ही युरोपच्या पुढे नियामक म्हणून ‘एस्मा’ आणि अमेरिकेच्या पुढे ‘एसईसी’ लिहून मोकळ्या झालात, तिथे दोन फार वेगळ्या गोष्टी एका ओळीत बसल्या.

सगळा दोष सीमांचाच आहे, असंही समजू नका. पश्चिम आफ्रिकेत बेनिन, बुर्किना फासो, कोत दिव्वार, गिनी-बिसाऊ, माली, नायजर, सेनेगल आणि टोगो या आठ देशांचा मिळून एकच शेअर बाजार आहे. तो आबिदजानमध्ये १९९८ मध्ये सुरू झाला. चलन एक, नियामक एक. युरोप ज्यासाठी झुरतो आहे ते सगळं तिथे आहे, तरी नोंदलेल्या कंपन्या पन्नासच्या आतच. एका छताखाली आणायला आधी साठा लागतो. जमलं तर हा परिच्छेद प्रबंधात घ्या, परीक्षकांच्या नेहमीच्या वाचनात तो सहसा नसतो.

जपानबद्दल थोडक्यात, कारण ते प्रकरण तुम्ही तसं बरं लिहिलं असणार. त्यावर साहित्य भरपूर आहे. युद्धोत्तर जपानमध्ये मुख्य बँक कंपनीला कर्जही देई आणि तिचे शेअरही धरून ठेवी, शिवाय कंपन्या एकमेकींचे शेअर बाळगून असत. भागधारकांची सभा म्हणजे मित्रांची सभा. जपानचा निक्केई निर्देशांक १९८९ च्या शेवटच्या व्यवहाराच्या दिवशी ३८,९१५ वर बंद झाला आणि त्या पातळीच्या वर जायला फेब्रुवारी २०२४ उजाडावं लागलं. या दरम्यान कंपन्यांकडे पैसा साचत गेला आणि भागधारकाला विचारणारं कोणी नव्हतं. मार्च २०२३ मध्ये तोक्यो शेअर बाजाराने कंपन्यांना लिहून कळवलं की भांडवलाच्या खर्चाचा आणि शेअरच्या भावाचा विचार करून सुधारणेची योजना जाहीर करा. विशेष रोख होता तो ज्यांचा भाव पुस्तकी मूल्याच्याही, म्हणजे ताळेबंदातल्या निव्वळ मालमत्तेच्याही, खाली आहे त्यांच्यावर. तेव्हा वरच्या श्रेणीतल्या जवळपास निम्म्या कंपन्या त्यात मोडत होत्या. सक्ती नव्हती. बाजाराने मग योजना जाहीर करणाऱ्यांची यादी दर महिन्याला प्रसिद्ध करायला सुरुवात केली, आणि यादीत आपलं नाव नाही याची लाज कायद्याहून जास्त कामाला आली. २०२४ मध्ये सरकारने करमुक्त ‘निसा’ खात्याची मर्यादा वर्षाला ३६ लाख येनपर्यंत वाढवली, लोकांनी पैसा घातलाही, आणि त्यातला मोठा हिस्सा जगभराच्या आणि अमेरिकेच्या निर्देशांक फंडांत गेला! बचत ठेवीतून हलली, पण देशाबाहेर. नेदरलँड्सची पाचर इथेही लागते.

चीनसाठी मात्र प्रश्न बदला. तिथे बचत कुठे जाते याच्याआधी, ती कुठे जाऊ दिली जाते हे विचारावं लागतं. माणशी वर्षाला ५० हजार डॉलरच्या पलीकडे परकीय चलन सहज मिळत नाही. म्हणून पैसा ठेवींत, घरांत आणि देशी शेअर्समध्ये कोंडलेला. शांघायचा आजचा बाजार १९९० च्या डिसेंबरात सुरू झाला आणि बराच काळ तो सरकारी कंपन्यांना भांडवल मिळवून देण्याचं साधन होता. कोणत्या कंपनीने कधी बाजारात यावं हे नियामक ठरवी. २०१२ च्या अखेरीपासून जानेवारी २०१४ पर्यंत नव्या शेअर विक्रीला चक्क कुलूप होतं. अलिबाबासारख्या कंपनीने २०१४ मध्ये न्यूयॉर्क गाठलं, त्यामागे इतर कारणांबरोबर हेही होतं. जुलै २०१५ च्या घसरणीत निम्म्याच्या आसपास कंपन्यांनी आपल्या शेअर्सचे व्यवहारच थांबवून घेतले होते. ज्याला विकायचंय त्याला विकता येत नाही, अशा दिवशीच्या बाजारमूल्याचा तुमच्या तक्त्यातला आकडा नेमकं काय मोजतो? २०१९ च्या शांघाय ‘स्टार’ मंडळापासून (तंत्रज्ञान कंपन्यांसाठीचा त्या बाजाराचा वेगळा विभाग) आणि २०२३ पासून सर्वत्र, मंजुरीऐवजी नोंदणीची पद्धत आली आहे. सुधारणा खरी आहे, पण गती वाढवायची की कमी करायची हा निर्णय अजून वरूनच येतो.

भारताचं प्रकरण तुम्ही सेबी, डीमॅट आणि निर्देशांकांनी भरलं असेल, तर त्यात एक तारीख घाला : ऑगस्ट २०१५. तेव्हा भविष्य निर्वाह निधी संघटनेने पहिल्यांदा शेअर बाजारात पैसा घातला, निर्देशांकावरच्या फंडांतून, नव्या जमेच्या पाच टक्के. दोन वर्षांत ती मर्यादा पंधरावर गेली. म्युच्युअल फंडांच्या मासिक हप्त्यांवर सगळे लिहितात, यावर कमी. कंपन्यांचे रोखे मात्र अजून बहुतेक खासगी वाटपाने मोजक्या संस्थांनाच विकले जातात, म्हणजे शेअर्सची बाजू रुंद आणि रोख्यांची अरुंद. असं का, यावर तुम्हाला एक अख्खं प्रकरण लिहिता येईल.

राहता राहिला ‘सर्वोत्तम’चा प्रश्न. तो निष्कर्षातून काढून टाका आणि त्या जागी कोणती व्यवस्था कुठे मोडते ते लिहा. बँकांवर उभी व्यवस्था हळूहळू कुजते : जपानच्या बँका १९९० च्या दशकात मेलेल्या कंपन्यांना नवी कर्जं देत राहिल्या, आणि १९९७-९८ मध्ये एकेक मोठी वित्तसंस्था कोसळेपर्यंत नुकसान उघड झालं नाही. बाजारावर उभी व्यवस्था एका झटक्यात फाटते : २००८ मध्ये अमेरिकी गृहकर्जांच्या रोख्यांना घेणारा उरला नाही आणि काही आठवड्यांत जगभर पैसा गोठला. मात्र पुढे अमेरिका आधी सावरली, नुकसान लपवता न आल्यामुळे. माझा कल कुठे आहे हे यावरून कळलंच असेल. पण तो कल आहे, निष्कर्ष नाही, आणि तुमच्या परीक्षकांचा वेगळा असू शकतो.

आता कामाचं. पाच प्रदेश एका प्रबंधात पेलणार नाहीत. दोन घ्या, अमेरिका आणि जर्मनी, किंवा भारत आणि चिली. नाव बदलायला सर नाही म्हणाले तर पाचांचं नाव राहू द्या, दोन सविस्तर लिहा आणि उरलेले तीन एका प्रकरणात. आकड्यांसाठी बँक ऑफ जपानची ती पत्रिका, युरोपीय मध्यवर्ती बँकेची आणि फेडरल रिझर्व्हची तिमाही खाती, आणि ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेची पेन्शनची आकडेवारी एवढं पुरे. सगळं मोफत मिळतं. सगळे आकडे डॉलरमध्ये एकत्र करताना येनच्या घसरणीने जपानचा बाजार कागदावर आक्रसलेला दिसेल, तेव्हा स्थानिक चलनातला आकडाही शेजारी ठेवा.

आणि सौदापूर्तीच्या दिवसांचा रकाना परिशिष्टात टाका. भारत जानेवारी २०२३ मध्ये पूर्णपणे एका दिवसावर आला, अमेरिका मे २०२४ मध्ये, युरोपने ११ ऑक्टोबर २०२७ ही तारीख धरली आहे. तोंडी परीक्षेत ‘मग भारताचा बाजार अमेरिकेच्या पुढे का?’ असं कोणी विचारलंच, तर म्हणा की सौदा किती लवकर पुरा होतो हे यंत्रणेवर ठरतं, आणि मग सरळ १९७४ वर या.